शेवंताबा

हेमराज शिंपी डबा घेऊन आले,
बिस्किटांचा, गंजलेला. झाकण चमच्यानं उचकटलं.
आत सवापाच इंची अकरा फ्लॉपी
आणि दोंडाईच्याची तीस वर्षांपूर्वीची मिरची.
आधी दोघेही शिंकलो,
मग बोललो.

असल्या फ्लॉपीचा ड्राइव्ह आता भंगारातही मिळत नाही.
माझ्याकडे एक आहे, भुसावळला किलोवर घेतलेला.
त्याचं डोकं मळतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो,
पोराचा कान पुसावा तसा.
दुकान चालतं ते आधारच्या झेरॉक्सवर,
हे आपलं माझं खूळ.

पहिली घातली. घरघरला.
ॲबॉर्ट, रिट्राय, फेल.
मी रिट्राय म्हटलं. परत म्हटलं.
इतका आग्रह तर व्याह्यालाही करत नाहीत.
दुसरीला बुरशी, चौथी वाकलेली,
सहावीत नुसता सापांचा खेळ.

नववीवर फाइल सापडली: हजेरी. डीबेसची.
उघडली, तर एकही नोंद नाही.
पण वजन भरत होतं.
रिकाम्या पोत्याचं वजन एवढं नसतं,
हे दोंडाईच्यात शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून शिवण उसवली, एकेक टाका,
तेही शिंप्याच्या समोर.
या फायलीत प्रत्येक नावाच्या आधी एक घर असतं.
घर रिकामं, तर माणूस कामावर.
घरात तारका, तर काढून टाकलेला.
काढून टाकलेला म्हणजे गेलेला नव्हे.
पॅक म्हणेपर्यंत ओळ जागच्या जागी बसून असते,
यादी फक्त तिच्याकडे बघत नाही.

तारका. तारका. तारका.
चारशे बारा.

हेमराज स्क्रीनकडे नाही, डब्याच्या झाकणाकडे बघत होते.
तपासणी यायची होती, म्हणाले.
शेठ म्हणाले, देठ खुडणाऱ्या बाया काढ,
सगळ्या, दिवे लागायच्या आत.
काढल्या.
दुसऱ्या दिवशी त्याच बाया त्याच ढिगावर बसल्या होत्या,
लाल हातांनी,
कागदावर मात्र गोडाऊनमध्ये कुणी नव्हतं.

मग थोड्या वेळानं,
आतापर्यंत मराठीत बोलणारा माणूस अहिराणीत म्हणाला,
पॅक मी दिन्हंच नही, भाऊ.

माझ्या काकाचं नाव उखर्डू.
त्याच्या आधीची तीन हाताला लागली नाहीत,
म्हणून सुईणीनं याला उकिरड्यावर ठेवला,
टाकला गं बाई, टाकला, असं मोठ्यानं ओरडली,
ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून,
आणि त्याच पावली पदरात घालून आत आणला.
ब्याऐंशीव्या वर्षी गेला, तंबाखू मळता मळता.
हे मी हेमराजना सांगितलं नाही.
मी टाइप केलं: रिकॉल ऑल.

आणि त्या आल्या.
रुख्माबाई, हजेरी सव्वीस, देठ काढलेली मिरची चारशे दहा किलो.
सिंधूबाई, सतरा. झिपाबाई, तीन, आणि मग काहीच नाही.
नावाचा रकाना दहा इंग्रजी अक्षरांचा,
अकरावं अक्षर कुंपणाबाहेर,
त्यामुळे शेवंताबाई
झाली शेवंताबा.
तीस वर्षं मिशीवाली बसली होती बिचारी.
हेमराज हसले. डोळे पुसले, म्हणाले, मिरची.

चार जणी हयात आहेत, धुळ्याचं ऑफिस पुरावा मागतंय.
हा पुरावा धरतील की नाही, मला ठाऊक नाही.
मी तसं स्पष्ट सांगितलं.
त्यांनी मान हलवली आणि छापील कागद मांडीवर घेतले,
खिशातलं पेन काढलं,
शेवंताबा पुढे
एक ई लिहिली, ठसठशीत, शाळेतल्यासारखी.

मग खाली आले,
दोनशे चौदा ते दोनशे एकोणतीस,
जिथला सेक्टर मला वाचता आला नव्हता.
पेन तिथे टेकलं.
ओठ हलत होते.
मी दिवा लावला, ड्राइव्ह बंद केला नाही.